एमआयडीसीचा नळ, टँकर, बोअर आणि शुद्ध केलेलं सांडपाणी: कारखान्याच्या पाण्याचं परीक्षण

औद्योगिक वसाहतीत प्लॉट घेताना रस्त्याची रुंदी बघितली जाते, विजेचं उपकेंद्र किती लांब आहे ते विचारलं जातं, आणि पाण्याच्या बाबतीत "कनेक्शन मिळेल ना?" एवढ्यावर भागवलं जातं. कनेक्शन मिळतं. पण हे पाणी कोणत्या धरणातून येतं, त्या धरणावर आणखी कोणाकोणाचा हक्क आहे, आणि पाऊस कमी झाला तर कपात कोण, कधी आणि किती जाहीर करतं, हे फारसं कोणी विचारत नाही. कारखान्याचा उन्हाळा त्यावरच ठरतो. रोज साधारण १० ते २०० घनमीटर पाणी लागणाऱ्या लघु व मध्यम उद्योगांसाठी हे परीक्षण आहे. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. बिल त्याच मापात येतं.

निकाल आधीच सांगून टाकतो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा, म्हणजे एमआयडीसीचा नळ हाच आजही पहिला पर्याय. १९६२ साली स्थापन झालेल्या या महामंडळाने वसाहतींबरोबर पाणी योजनाही उभ्या केल्या, म्हणून बहुतेक वसाहतींत उद्योजकाला स्वतः नदीवर जाऊन पंप बसवावा लागत नाही. पाण्याच्या दर्जाला पाचपैकी चार गुण. दरालाही चार, कारण टँकरच्या भावाशी त्याची तुलनाच नाही. खात्रीला मात्र राज्यभरासाठी एकच आकडा देता येत नाही. बिलावरचं नाव एक असलं तरी वसाहत बदलली की सेवा बदलते, कारण पाण्याचा उगम बदलतो.

ठाणे जिल्ह्यापासून सुरुवात करू. बदलापूरजवळचं बारवी धरण एमआयडीसीचं स्वतःचं आहे. उंची वाढवल्यावर त्याची साठवण सुमारे ३४० दशलक्ष घनमीटर झाली. धरणातून सोडलेलं पाणी उल्हास नदीतून उचलून जांभूळच्या केंद्रात शुद्ध होतं आणि तिथून अंबरनाथ, डोंबिवली, ठाणे-बेलापूर पट्ट्यात जातं. स्वतःचं धरण असल्याने दर वर्षी दुसऱ्या खात्याकडे आरक्षण मागत बसावं लागत नाही, ही मोठी जमेची बाजू. पण हेच पाणी आसपासच्या महापालिका-नगरपालिकांनाही जातं आणि ही शहरं थांबायचं नाव घेत नाहीत. पिण्याच्या पाण्याला पहिला अग्रक्रम, हे धोरण योग्यच आहे आणि त्याबद्दल कोणाही उद्योजकाची तक्रार असू नये. त्याचा व्यवहारातला अर्थ मात्र समजून घ्यावा: उद्योगासाठी बांधलेल्या धरणावरही टंचाईच्या वर्षी उद्योग रांगेत शेवटी उभा राहतो. या पट्ट्यात देखभालीसाठी चोवीस तासांचा शटडाऊन घेतला जातो, बरेचदा शुक्रवारी. त्यानंतर पूर्ण दाब यायला आणखी बराच वेळ जातो, टोकाच्या प्लॉटवर तर अख्खा दिवस. म्हणून इथे साठवण दोन दिवसांची हवी. एका दिवसाची टाकी कागदावर पुरते, शनिवारी दुपारी पुरत नाही.

छत्रपती संभाजीनगरची गोष्ट वेगळी. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या वसाहती पैठणच्या जायकवाडीवर जगतात. नाथसागराची, म्हणजे या धरणाच्या जलाशयाची, एकूण क्षमता सुमारे १०२ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला सुमारे ७६ टीएमसी उपयुक्त साठा, बाकीचा मृतसाठा. धरण एवढं मोठं असूनही भरवशाचं नाही, कारण त्याच्या वर गोदावरी, प्रवरा आणि मुळेवर नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतली धरणं आहेत आणि कमी पावसाच्या वर्षी ती आधी भरतात. वाद इतका वाढला की महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४मध्ये आदेश काढून हिशेबच बांधून दिला: १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर वरच्या धरणांतून ठरलेल्या तक्त्याप्रमाणे पाणी सोडायचं. २०२३च्या ऑक्टोबरअखेर याच सूत्राने ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला. वरच्या भागात विरोध झाला, खाली आंदोलनं झाली, पण आकडा आणि तारीख आधीपासून ठरलेली होती. राज्याच्या पाणीव्यवस्थेत उद्योगाच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची गोष्ट कोणती, तर हीच. वाळूजमधल्या कारखान्याचा खरेदी विभाग १५ ऑक्टोबरचा साठा बघून मे महिन्याची तयारी करू शकतो. अशी तारीख आणि असा आकडा राज्यातल्या प्रत्येक औद्योगिक जलस्रोताला मिळायला हवा.

कोकणात तिसराच प्रकार. लोटे परशुरामची वसाहत वाशिष्ठी नदीवर अवलंबून आहे, आणि उन्हाळ्यात वाशिष्ठीला जे पाणी असतं ते मुख्यतः कोयना प्रकल्पात वीज तयार करून खाली सोडलेलं. कृष्णा लवादाच्या निवाड्याप्रमाणे कोयनेचं सुमारे ६७.५ टीएमसी पाणी दर वर्षी विजेसाठी पश्चिमेकडे वळवता येतं. त्यामुळे कोकणातल्या इतर नद्या आटतात तेव्हाही इथे प्रवाह राहतो. लोट्याच्या उद्योजकाने म्हणूनच पावसाच्या आकड्यांइतकीच वीजनिर्मितीच्या बातम्यांकडे नजर ठेवावी. वीजनिर्मितीचे टप्पे बंद राहिले की नदी उतरते.

आता कनेक्शनबद्दल. सगळ्यात जास्त चुका अर्जातच होतात. रोजची मागणी लिहिताना माणसं, प्रक्रिया, कूलिंग, बॉयलर आणि बाग असे आकडे वेगवेगळे काढा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात जे पाण्याचे आकडे जाणार आहेत त्यांच्याशी ते जुळवा. दोन कागदांत दोन आकडे राहिले तर संमतीच्या नूतनीकरणाच्या वेळी हमखास अडकायला होतं. "पुढे लागेल" म्हणून दुप्पट कोटा मागण्याची सवय तर सोडाच. करारात किमान बिलाची अट आहे का आणि मंजूर कोट्यापेक्षा जास्त वापरल्यास कोणता दर लागतो, या दोन ओळी सहीआधी वाचाव्यात. न वापरलेल्या पाण्याचं बिल भरणं हे त्यातलं लहान नुकसान. मोठं नुकसान असं की वसाहतीचा मंजूर कोटा आणि प्रत्यक्ष वापर यांत मोठी दरी दिसली की "उद्योगांना लागत नाही तरी पाणी अडवून ठेवलंय" हा आक्षेप खरा ठरतो, आणि पुढच्या आरक्षणाच्या वेळी तोच आकडा आपल्यासमोर ठेवला जातो.

मीटरवर थोडं थांबू, कारण बिलाच्या निम्म्या तक्रारी इथून सुरू होतात. शटडाऊन संपून पाणी पुन्हा सुटतं तेव्हा मीटरच्या चेंबरपाशी उभं राहून पाहा. आधी पाइपातून फुस्स आवाज येतो, टाकीत थेंबही पडलेला नसतो आणि मीटरचा काटा गरागरा फिरत असतो. लाइनमधली कोंडलेली हवा बाहेर पडताना पंख्याला फिरवते आणि ती हवा पाणी म्हणून मोजली जाते. यावर उपाय दोन. मीटरच्या आधी उंच जागी एअर व्हॉल्व्ह बसवून घ्यायचा, आणि शटडाऊननंतर इनलेटचा व्हॉल्व्ह एकदम न उघडता पाव-पाव फेऱ्याने उघडायचा. पहिली पंधरा-वीस मिनिटं पाणी गढूळ येतं. तेवढं पाणी संपमध्ये (जमिनीखालच्या टाकीत) न घेता मातीच्या गाळणीतून बागेला सोडावं, नाहीतर तो गाळ पुढे पाण्याचा कठीणपणा काढणाऱ्या सॉफ्टनरच्या रेझिनमध्ये जाऊन बसतो. यांत्रिक मीटर असेल तर त्याच्या आधी पाइपच्या व्यासाच्या दहापट आणि नंतर पाचपट सरळ लांबी ठेवा. ८० मिलिमीटरच्या पाइपला आधी ८० सेंटिमीटर, नंतर ४० सेंटिमीटर. एल्बोला (पाइपच्या वळणाला) चिकटून बसवलेला मीटर चुकीचं रीडिंग देतो, आणि चूक नेहमी आपल्या फायद्याची असेलच असं नाही. मीटरआधीची जाळी दर तिमाहीला काढून धुवावी. रीडिंग रोज एकाच वेळी वहीत उतरवावं आणि रविवारचं, काम बंद असतानाचं, वेगळं. रविवारी मीटर चालत असेल तर गळती आपल्या कुंपणाच्या आतच आहे.

साठवणीचा हिशेब साधा. रोज ५० घनमीटर लागत असेल तर दोन दिवसांसाठी १०० घनमीटर, म्हणजे ७ मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि आत ३ मीटर पाणी उभं राहील असा संप. अग्निशमनाचं पाणी या हिशेबाच्या बाहेर. दोन्ही एकाच टाकीत असतील तर उत्पादनाच्या पंपाचा सक्शन वर घ्यावा, म्हणजे आगीसाठी राखलेला थर उपसलाच जाणार नाही. संपचे दोन कप्पे करून मध्ये व्हॉल्व्ह ठेवला तर सफाईसाठी कारखाना बंद करावा लागत नाही. बांधकामाचा खर्च थोडा वाढतो, पण हा खर्च टाळू नये.

टँकरला पाचपैकी दोन. तेही अडचणीच्या वेळी धावून येतो म्हणून. मापाचा पहिला प्रश्न. १०,००० लिटरचा म्हणून आलेला टँकर किती देतो हे त्याच्या टाकीवर लिहिलेल्या आकड्यावरून ठरवू नका, संपमध्ये मोजा. संपचं क्षेत्रफळ २० चौरस मीटर असेल तर १०,००० लिटरने पातळी बरोबर ५० सेंटिमीटर चढली पाहिजे. भिंतीवर रंगाने सेंटिमीटरच्या खुणा करून ठेवाव्यात आणि टँकर रिकामा होत असताना त्या टाकीतून उपसा बंद ठेवावा. पातळी ४७ सेंटिमीटरच चढली तर ६०० लिटर कमी आले. यात दर वेळी लबाडीच असते असं नाही. टँकर उतारावर उलट्या दिशेने उभा राहिला की तळाचं पाणी आतच राहून परत जातं, म्हणून रिकामा करण्याची जागा सपाट, किंवा मागे किंचित उताराची करून द्यावी.

पण टँकरचं खरं नुकसान मापात नाही, क्षारांत आहे. टंचाईच्या दिवसांत टँकरचं पाणी बहुतेक बोअरचं असतं. कूलिंग टॉवर असलेल्या कारखान्यात त्याने काय होतं, ते आकड्यांतच पाहावं. ताशी १०० घनमीटर पाणी फिरवणारा आणि ते ५ अंशांनी थंड करणारा टॉवर ताशी साधारण ०.७७ घनमीटर पाणी वाफ करून उडवतो. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, म्हणून थोडं पाणी ब्लोडाऊन म्हणून सतत काढून टाकावं लागतं. टॉवरमध्ये टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) १५००पर्यंत चालवायचा ठरवला आणि धरणाच्या पाण्याचा टीडीएस २५० असेल, तर तेच पाणी सहापट घट्ट होईपर्यंत फिरवता येतं. अशा वेळी ताशी नव्या पाण्याची भर लागते ०.९२ घनमीटर, म्हणजे दिवसाला २२. आता टँकरने ७५० टीडीएसचं पाणी आणलं. दुपटीलाच मर्यादा गाठली जाते, ब्लोडाऊन वाढवावा लागतो आणि भर होते ताशी १.५३, दिवसाला जवळपास ३७ घनमीटर. टॉवर तोच, उत्पादन तेच, आणि रोज १५ घनमीटर पाणी जास्त. म्हणजे दीड टँकर केवळ टँकरचं पाणी खारं आहे म्हणून मागवावे लागतात. आरओ असलेल्या कारखान्यातही हेच घडतं. गोड पाण्यावर जो प्लँट पाऊणभर पाणी वापरायला देतो, त्याचा रिजेक्ट (बाहेर टाकलेलं खारं पाणी) कठीण पाण्यावर वाढत जातो आणि मेंब्रेनवर क्षार बसून साफसफाईची पाळी लवकर येते. टंचाई हाताळणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवं: नळाचं २५ टक्के पाणी कापलं की उद्योगाची एकूण तहान २५ टक्क्यांनी कमी होत नाही. ती टँकरमार्गे वाढून जवळच्या गावाच्या बोअरवर जाऊन पडते. म्हणून उद्योगाला खात्रीचं पाणी देणं हे शेजारच्या गावाच्याही हिताचं आहे.

टँकर आत घेण्याआधी गेटवरच टीडीएस मीटर बुडवावा, कठीणपणा मोजायची किट वापरावी आणि बॉयलर असेल तर क्लोराइडही तपासावं. टीडीएसची वरची मर्यादा खरेदी ऑर्डरमध्येच लिहिलेली असावी. अन्नपदार्थांच्या कारखान्यांनी टँकरच्या पाण्यावर क्लोरीनचा हिशेब वेगळा ठेवावा.

बोअरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. राज्याचा सुमारे चार-पंचमांश भाग बेसॉल्टचा, काळ्या कातळाचा. पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. मार्चनंतर उपसा घटतो, आणि खोल जाऊन भेग लागली तरी ती पुन्हा भरायला वेळ लागतो. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे उद्योगाला ना-हरकत प्रमाणपत्र आणि डिजिटल मीटर लागतो. रोज १० घनमीटरपेक्षा कमी उपसणाऱ्या सूक्ष्म व लघु उद्योगांना त्यातून सूट आहे. बोअर हा आणीबाणीचा आधार समजावा, रोजचा पुरवठा नव्हे. पावसाळ्यात शेडच्या छपराचं पाणी गाळून त्यात सोडलं तर तो आधार टिकतो. १००० चौरस मीटरच्या छपरावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातलं ८० टक्के हाती लागलं, तर ५६० घनमीटर पाणी मिळतं.

सगळ्यात आशा वाटावी अशी सेवा शुद्ध केलेल्या सांडपाण्याची आहे, आणि तिला आम्ही पाचपैकी साडेचार देऊ, जिथे ती मिळते तिथे. शहर वाढलं की धरणाचं पाणी कमी पडतं, पण सांडपाणी वाढत जातं आणि ते मे महिन्यातही वाहतं. नागपूरमध्ये भांडेवाडीच्या केंद्रातून रोज १३० दशलक्ष लिटर शुद्ध केलेलं सांडपाणी महानिर्मितीच्या कोराडी वीज केंद्राकडे जातं. नवी मुंबई महापालिकेने ऐरोली आणि कोपरखैरणे इथे प्रत्येकी २० दशलक्ष लिटर क्षमतेची प्रगत शुद्धीकरण केंद्रं उभारली, ती ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या उद्योगांसाठी. राज्याबाहेर सुरतने २०१४पासून पांडेसराच्या कापड उद्योगाला ४० दशलक्ष लिटर पाणी असंच दिलं. चेन्नईत कोडुंगैयूर आणि कोयंबेडू इथले ४५-४५ दशलक्ष लिटरचे आरओ प्रकल्प शहराबाहेरच्या औद्योगिक पट्ट्यांना पाणी देतात. २०१६च्या केंद्रीय वीजदर धोरणाने तर सांडपाणी केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक वीज केंद्रांना हे पाणी वापरणं बंधनकारक केलं. त्यामागचं कारण महाराष्ट्राने जवळून पाहिलेलं आहे: फेब्रुवारी २०१३मध्ये पाण्याअभावी परळीचं वीज केंद्र पूर्ण बंद ठेवावं लागलं होतं.

हे पाणी घेताना काय सांभाळायचं? नळाच्या पाण्याशी त्याची लाइन कुठेही जोडली जाता कामा नये. मध्ये व्हॉल्व्ह ठेवून "गरज पडली तर उघडू" हा प्रकार धोक्याचा आहे; व्हॉल्व्ह गळतात. दोन्ही स्रोत एकाच टाकीत घ्यायचे असतील तर टाकीच्या वर हवेची मोकळी फट ठेवून वरून पाणी पाडावं. पाइपांचा रंग वेगळा असावा, आणि त्या नळावर "पिण्याचे पाणी नाही" असं कामगारांच्या भाषेत, मराठीबरोबर हिंदीतही लिहिलेलं असावं. अमोनिया उरला असेल तर तांब्या-पितळेच्या कंडेन्सर नळ्या खराब होतात, फॉस्फेटमुळे पापुद्रा धरतो आणि सेंद्रिय अंश राहिला तर टॉवरमध्ये शेवाळ व चिकट थर वाढतो. म्हणून करारात फक्त "बीओडी (सेंद्रिय घाणीचं माप) इतका" अशी अट पुरत नाही. अमोनिया, फॉस्फेट, टीडीएस आणि गढूळपणा या चारही गोष्टींच्या मर्यादा लिहून घ्याव्यात, आणि मर्यादा ओलांडली तर पुरवठादार कळवणार किती तासांत, हेही.

आता धोरणाकडे, कारण यातलं बरंचसं एकट्या कारखान्याच्या हातात नाही. २००३च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योग आणि मग शेती असा क्रम होता. २०११मध्ये तो बदलून शेती दुसरी आणि उद्योग तिसरा झाला. हा क्रम पुन्हा फिरवा, अशी मागणी उद्योजकांच्या बैठकांत अधूनमधून होते. ती आम्हाला पटत नाही. ज्या राज्यात एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचं पाणी न्यावं लागलं, तिथे शेतकऱ्याच्या पुढे उभं राहण्याची भाषा न्याय्य नाही आणि ती टिकणारही नाही. तिसऱ्या क्रमांकावर राहूनही कारखाना चालतो. आपल्या वाट्याला किती आणि कधी, हे सहा महिने आधी कळलं पाहिजे, एवढंच.

२०१६च्याच उन्हाळ्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्यनिर्मिती उद्योगाचं पाणी ६० टक्के आणि इतर उद्योगांचं २५ टक्के कापण्याचा आदेश दिला. परिस्थितीच तशी होती, आणि पिण्याच्या पाण्यासाठी तो आदेश आवश्यक होता. पण सरसकट टक्केवारीने केलेल्या कोणत्याही कपातीत एक दोष राहतो. ज्या कारखान्याने आधीच ब्लोडाऊन कमी केला, रिजेक्ट पुन्हा वापरायला घेतला, गळती बुजवली, त्याच्याकडे कापायला काही उरलेलं नसतं. त्याचं २५ टक्के पाणी म्हणजे थेट उत्पादन. शेजारी पाणी वाहू देणारा मात्र नुसता नळ आवळून २५ टक्के वाचवतो. पुढच्या टंचाईत पाणी वाचवून ठेवायचं कशाला, असा प्रश्न मग शहाणा माणूसही विचारतो. म्हणून कपातीचा पाया "गेल्या वर्षीच्या वापराच्या इतके टक्के" असा नको. एक टन पोलादामागे, एक मीटर कापडामागे, एक हजार लिटर दुधामागे किती पाणी, असा उद्योगवार मापदंड ठरवून त्याच्यावरचं पाणी आधी कापावं. मापदंडाच्या खाली असलेल्याला शेवटच्या टप्प्यापर्यंत हात लावू नये.

दुसरी मागणी टप्प्यांची. प्रत्येक औद्योगिक स्रोतासाठी १५ ऑक्टोबरच्या साठ्यावरून पायऱ्या आधीच जाहीर असाव्यात: साठा अमुक टक्के असेल तर कपात नाही, त्याखाली दहा टक्के, आणखी खाली वीस, आणि कोणत्या महिन्यापासून. जायकवाडीच्या ६५ टक्क्यांच्या नियमाने असं करता येतं हे दाखवून दिलंय. हा तक्ता हाती असला तर बँकेला दाखवता येतो, ग्राहकाला सांगता येतो, आणि वार्षिक देखभालीचा शटडाऊन दिवाळीऐवजी मेमध्ये घेता येतो.

तिसरी मागणी पाइपांची. सांडपाणी शुद्ध करण्याचे प्रकल्प महापालिका उभारते, वसाहत एमआयडीसीची असते, आणि मधल्या आठ-दहा किलोमीटर जलवाहिनीचा खर्च कोणी करायचा यावर वर्षं जातात. राज्याने हा खर्च रस्त्यासारखा पायाभूत सुविधेत धरावा आणि नव्या वसाहतीत सुरुवातीपासूनच दुहेरी नळ टाकावेत. खोदलेला, डांबर घातलेला रस्ता पुन्हा फोडून दुसरी लाइन टाकणं कितीतरी महाग पडतं.

आणि हे मागायचं कधी? उद्योजक संघटनांची निवेदनं साधारणपणे एप्रिलमध्ये निघतात, टँकर सुरू झाल्यावर. तोवर निर्णय होऊन गेलेले असतात. पावसाळा संपताच साठ्याचा हिशेब मांडला जातो, पिण्याचं आणि उद्योगाचं आरक्षण ठरतं, मग कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत उरलेल्या पाण्यातून रब्बी-उन्हाळी आवर्तनं (कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या) किती द्यायची ते ठरतं. एकदा आवर्तनाचं वेळापत्रक शेतकऱ्यांना जाहीर झालं, त्यांनी ऊस-गहू धरला, की मार्चमध्ये त्यात बदल मागणं म्हणजे उभ्या पिकाचं पाणी मागणं. ते कोणी देणार नाही आणि देऊही नये. म्हणून निवेदन सप्टेंबरअखेर तयार हवं, जिल्हाधिकारी, जलसंपदा खात्याचे अधीक्षक अभियंता आणि पालकमंत्री यांच्याकडे १५ ऑक्टोबरच्या आत पोचलेलं हवं.

त्यात "उद्योगांना पुरेसे पाणी मिळावे" हे वाक्य नसलं तरी चालेल. वसाहतीचा मंजूर कोटा, गेल्या तीन वर्षांचा महिनावार प्रत्यक्ष वापर, त्यातलं फेरवापराचं पाणी, ऑक्टोबर ते जूनची महिनावार गरज आणि कपात झाल्यास कोणत्या पायरीला किती कामगारांचं काम थांबेल, हे आकडे एका पानात हवेत. सोबत बंद पडलेल्या किंवा कोटा न वापरणाऱ्या प्लॉटचं पाणी परत करण्याची तयारी लिहून द्यावी. स्वतःहून पाणी परत करणाऱ्या संघटनेचं म्हणणं त्या खोलीत वेगळ्या कानाने ऐकलं जातं.

दुसरी जागा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाची. २००५च्या कायद्याप्रमाणे ठोक पाणीपट्टीचा दर तीन वर्षांनी आढावा घेतला जातो, प्रस्तावाचा मसुदा जाहीर होतो, हरकती मागवल्या जातात, सुनावण्या होतात. तिथे फक्त दर कमी करा म्हणून उभं राहू नये. शीतपेय, बाटलीबंद पाणी, मद्य असे पाणीच कच्चा माल असलेले उद्योग आणि बाकीचे प्रक्रिया उद्योग यांचे दर वेगळे आहेत, ते तसेच राहावेत. मागायचं ते फेरवापर करणाऱ्याला दरात ठळक सवलत, आणि जाहीर कपातीपेक्षा जास्त पाणी तुटलं तर किमान बिलात तेवढी आपोआप सूट. लेखी हरकत पाठवताना रविवारच्या रीडिंगची आणि शटडाऊननंतरच्या दाबाची ती रोजची वही जोडावी. तीन वर्षांची वही असेल तर सुनावणीत बोलायला दहा मिनिटं पुरतात.